वजनकाट्याआधी

माझ्या लेकीची सीट मी घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अरेरे, नशीब एकेकाचं" वगैरे म्हणायला नको. नशिबाचा काडीचा संबंध नव्हता. मी होते, माझा हात होता आणि हातात पेढा होता.

सीट म्हणजे कॉलेजातली नव्हे, रेसिंगच्या गाडीतली. एकाच माणसाची गाडी, वर छप्पर नाही, चारही चाकं बाहेर उघडी, आणि आतली जागा इतकी चिंचोळी की आधी स्टिअरिंग काढायचं, मग आत सरकायचं, मग ते परत लावायचं. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हटलं, ह्यात मांजरसुद्धा धड बसायचं नाही. लेक बसली. पाय पुढे पसरून, जवळजवळ आडवी, नुसतं डोकं तेवढं वर.

मी कुवेतला सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स. मूळची चिपळूणची, म्हणजे आवाज मोठा आणि जीभ सैल. नवरा नाशिकचा, अहमदीला तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला. तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार फोनवर. लेक इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी कोकणातल्या शिव्या घातल्या तरी ती "आई, चिल" म्हणते.

हे खूळ सुरू झालं नवऱ्याच्या कंपनीच्या पिकनिकला. तिथे मुलांसाठी गो-कार्ट ठेवल्या होत्या. लेक नऊ वर्षांची. बाकीची पोरं एकमेकांना धडकून खिदळत होती, ही हसतच नव्हती. खालचा ओठ दातात धरून फेऱ्यांवर फेऱ्या. उतरल्यावर विचारलं, "मजा आली का गं?" तर म्हणते, "दॅट लास्ट कॉर्नर, आय वॉज लेट." नऊ वर्षांची पोर, आणि तिला शेवटच्या वळणावर उशीर झाल्याचं दुःख!

मी विरोध केला, खोटं कशाला सांगू. हायवेवरून आलेली मुलं आमच्याकडे ऑपरेशनला येतात. कुठल्या हाडाचे किती तुकडे होतात हे मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, पेटी शीक, पोहायला जा, नाहीतर बुद्धिबळ खेळ. नवरा गप्प. दर शुक्रवारी सकाळी तो तिला घेऊन जायचा आणि दुपारी दोघं धुळीने माखून परत यायचे. जेवताना दोघांचं ब्रेक कुठे मारायचा ह्यावर बोलणं चालायचं. माझा नवरा सलग वाक्यं बोलायचा, लग्नानंतर पहिल्यांदा! तिथेच मी अर्धी विरघळले.

ती पंधरा वर्षांची झाली आणि आखाती देशांतल्या मुलांसाठीच्या ज्युनियर स्पर्धेची निवडचाचणी निघाली. हिवाळ्यात चार-पाच महिन्यांचा हंगाम, वेगवेगळ्या देशांतले ट्रॅक, सगळ्यांच्या गाड्या सारख्या. त्यात उतरणारी मुलं ज्या घरांतून येतात त्या घरांतल्या नोकरांचीसुद्धा घरं आमच्या फ्लॅटपेक्षा मोठी असतील. आम्ही स्वतःच्या बळावर त्या ट्रॅकवर पाऊल ठेवणं शक्यच नव्हतं. पण एका टीमने चाचणीतून दोन मुलं फुकट घ्यायचं ठरवलं होतं. एक जॉर्डनचा मुलगा निवडला आणि एक आमची लेक.

अट साधी होती. ही फुकट सीट दोघांना एकाच हंगामापुरती. पुढच्या वर्षी दोघांतलं एकच राहणार, ज्याचे गुण जास्त ते. दुसऱ्याने घरी जायचं. टीमची मॅनेजर, एक लेबनीज बाई, आम्हाला पालक म्हणून समोर बसवून हे तीनदा सांगत होती. तिला वाटलं असावं आम्हाला कळलं नाही. कळलं होतं हो! आमच्यासारख्यांना दुसरं दार नाही हे आम्हाला तिच्याआधी कळलं होतं.

त्याच बैठकीत तिने नियमही सांगितले. टीमचं गॅरेज अर्दियाच्या गोदामांच्या भागात होतं. बाहेर ट्रक मागे घेतल्याचे आवाज, आत ही बाई पाटीवर चित्रं काढून समजावते आहे. रेस संपली की गाडीचं आणि चालवणाऱ्याचं मिळून वजन होतं. ठरलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरलं तर बाद. म्हणून झेंडा पडल्यापासून काट्यावर चढेपर्यंत ड्रायव्हरला कुणी काही द्यायचं नाही. पाणी नाही, टॉवेल नाही, काही म्हणजे काही नाही. मी मान डोलावली. शेजारी बसलेल्या त्या जॉर्डनच्या मुलाच्या आईला वर मीच शहाणपणाने म्हटलं, "आमच्या वॉर्डात ऑपरेशनआधी असतं ना, तोंडाने काही नाही, तसंच." तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी नाही घेतलं. मला कशाला लागतंय लिहायला?

हंगाम कसा गेला ते सगळं सांगत बसत नाही. कधी ती पुढे, कधी तो. मी ड्यूट्या बदलून बदलून मैत्रिणींचे उपकार अंगावर चढवले. परदेशातल्या रेसना नवरा जायचा, मी वॉर्डाच्या पॅन्ट्रीत मोबाइल उभा करून बघायची. शेवटी शेवटी तर मला टायर तापले नाहीत हेसुद्धा कळायला लागलं होतं. मी, जिला स्वतःच्या गाडीची हवा तपासता येत नाही! मोबाइलकडे बघून ओरडायची, "आत घे गो, आत घे!" आणि आमची फिलिपिनो सिस्टर धावत यायची, कुणाला काय झालं म्हणून.

शेवटची फेरी कुवेतलाच होती, अहमदीच्या पलीकडे वाळवंटातल्या ट्रॅकवर. शेवटच्या रेसआधी तो मुलगा थोडासा पुढे होता. लेकीने त्याच्यापेक्षा दोन जागा पुढे संपवलं की सीट तिची. एक जागा पुढे आली तर त्याची. हे गणित घरात महिनाभर इतक्या वेळा झालं होतं की मी भाजी चिरताना ते पुटपुटायची.

सकाळी पेढे केले. दूध पावडरचे, इथे आम्ही सगळ्या असेच करतो. जिंकल्याचे म्हणून नव्हते, देवाशपथ. टीममधले सगळे वर्षभर राबले, निरोपाच्या दिवशी रिकाम्या हाताने कशी जाऊ? डबा भरला, वर वेलची-केशर घातलं. नवरा म्हणाला, "आत्ताच कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला नको तर खाऊ नका."

रेस दुपारी होती. वारा होता, ट्रॅकवर वाळूचा थर येत होता, सगळे जपून चालवत होते. लेक सहावी सुटली. तो चौथा. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच घडलं नाही आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. मग पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या, लेकीच्या लगेच पुढची वाळूत गेली. लेक पाचवी. मग तिने त्याला गाठलं. चार फेऱ्या ती त्याच्या मागे चिकटून. मी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं आणि नाडी बघितल्यासारखं दाबत होता. लोक ओरडले तेव्हा डोळे उघडले तर ती त्याच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर, बाहेरून. नवरा म्हणाला, "उशिरा ब्रेक मारला. बरोब्बर मारला." तो रडत होता. मग शेवटच्या फेरीत तिने आणखी एक गाडी मागे टाकली, आता ती गाडी दोघांच्या मधे. लेक तिसरी आली. तो पाचवा.

दोन जागा! मी मोजलं, परत मोजलं. मग डबा घेऊन धावत सुटले.

रेसनंतर गाड्या एका कुंपण घातलेल्या आवारात थांबवतात. मुलं उतरतात, हेल्मेट काढतात आणि रांगेने काट्यावर जातात. कुंपण छातीएवढं. पालकांना तिथपर्यंत यायला बंदी नव्हती. मी लोकांच्या खांद्यांतून घुसले. लेक गाडीतून उतरली होती, घामाने चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, हेल्मेट बगलेत. तिच्यापुढे रांगेत दोघं होते. मी हाक मारली. घरच्या नावाने मारली, मोठ्याने, चिपळुणी. तिने बघितलं आणि ती हसली. इतकी हसली की काय सांगू, नऊ वर्षांची असताना जे हसायचं राहिलं होतं तेही तेव्हाच हसली. चार पावलं कुंपणाकडे आली.

मी म्हटलं, "आ कर."

तिने आ केला. दीड वर्षाची असल्यापासून मी आ कर म्हटलं की ती आ करते. भाताचा घास असो, औषध असो, प्रसाद असो. त्यात विचार करायचा नसतोच. आणि मीसुद्धा विचार केला नाही. आनंदाची बातमी आली, लेकराचं तोंड गोड केलं. माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं केलं. आमच्याकडे निकालाचा कागद हातात पडायच्या आधी तोंडात साखर पडते.

पेढा तोंडात गेला आणि तिचा चेहरा थांबला. चावणं थांबलं. डोळे माझ्यावर. गाल फुगलेला, गिळावं की थुंकावं कळत नाही. मला एक क्षण वाटलं ठसका लागला. मग मला काट्याची आठवण झाली.

वॉर्डात मी रुग्णाच्या पलंगाला "तोंडाने काही देऊ नये" अशी पाटी लटकवते. लपवून खजूर भरवणाऱ्या आज्यांच्या हातून खजूर काढून घेते. अरबीत भांडते. वीस वर्षं हेच करते आहे मी! अशी बाई. अशी मूर्ख बाई.

कुंपणाजवळच्या अधिकाऱ्याने पाहिलं होतंच. दुसऱ्या कुठल्याशा टीमच्या माणसाने मोबाइलवर घेतलंही होतं. लेक काट्यावर चढली. वजन किमानपेक्षा कितीतरी जास्त भरलं, चार डबे पेढे वजा केले असते तरी चाललं असतं. पण नियम वजनाचा नव्हता, देण्याचा होता.

पंचांनी तिला बोलावलं. पत्र्याच्या छोट्या ऑफिसात ती आणि मॅनेजर आत गेल्या, आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी मनात भाषण तयार केलं. इंग्रजीत, शेवटचं वाक्य अरबीत. चूक माझी, तिने मागितलं नाही, मी तोंडात कोंबलं, मला काय ती शिक्षा करा. दोनदा उठले. नवरा म्हणाला, "बोलावतील. इथे आवाज नको." मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं, आणि तेही नेमकं त्या दिवशी. बोलावलं नाही.

लेक बाहेर आली ती सरळ पार्किंगकडे चालायला लागली. "लेट्स गो होम." मॅनेजरने आमच्याकडे बघून मान हलवली. बाद. मी लेकीच्या मागे धावले, "मी जाते आत, मी सांगते त्यांना." ती म्हणाली, "आई, प्लीज. नको." मराठीत म्हणाली. मी थांबले.

सीट त्या मुलाला मिळाली. तो वाईट नाही, त्याने लेकीला मेसेज केला, त्याच्या आईने मला केला. मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

घरात कुणी मला बोललं नाही, हे मला सहन झालं नाही. एकदा तरी ओरड माझ्यावर, असं मी लेकीला म्हटलं. "इट्स ओके, आई." हे "ओके" ऐकून ऐकून माझ्या डोक्याला मुंग्या यायच्या. नवरा शुक्रवारी सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचा, चहा करायचा आणि खिडकीशी बसायचा. जेवताना परत तीच शांतता, चमच्यांचा आवाज. काही आठवड्यांनी अर्दियाहून तिचं सामान आलं. त्यात तिच्या पाठीच्या मापाने ओतलेला फोमचा साचा होता, गाडीच्या सीटमध्ये बसवायचा. तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही म्हणून पाठवून दिला. त्यात तिच्या खांद्यांचे, कमरेचे खळगे आहेत. आम्ही तो स्टोअररूममध्ये उभा केला. तेव्हापासून तिची उंची वाढली आहे. आता तिलाही तो होणार नाही.

ती आता बारावीला आहे. गाडी हा शब्द काढत नाही. पुढे इंजिनिअरिंगला पुण्याला जाईल म्हणते, कुठल्या शाखेला विचारलं तर "एनीथिंग."

गेल्या महिन्यात स्टोअररूम आवरताना तिच्या रेसिंगच्या बॅगेत हातमोज्यांमध्ये घडी घातलेला कागद सापडला. पंचांचा निकाल. त्या दिवशी बोर्डावर लावलेला मी पाहिला होता, पण वरचा एक शब्द वाचून मला पुढचं दिसलंच नव्हतं. आता उभ्याने सगळा वाचला. लिहिलं होतं, की त्या खाण्याने वजनात फरक पडला नाही हे पंचांना मान्य आहे. परंतु ड्रायव्हरने स्वतः सांगितलं की तो पदार्थ तिनेच मागून घेतला. देणारी बाई प्रेक्षकांतली कुणीतरी होती. ड्रायव्हर तिला ओळखत नाही.

ओळखत नाही. मी ते दोन-तीनदा वाचलं. माझं इंग्रजी काही इतकं कच्चं नाही.

तिथेच खाली बसले आणि मॅनेजरला फोन लावला. इतक्या महिन्यांनी.  ती म्हणाली, खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की पेढा देणारी तिची आईच आहे. पंच भले होते, त्यांना पोरीला वाचवायचंच होतं. मुलीने न मागता बाहेरच्या माणसाने तोंडात घातलं असं तिने म्हटलं असतं, तर टीमला एक ताकीद देऊन निकाल कायम ठेवणार होते. फक्त अहवालात त्या बाईचं नाव लिहावं लागतं, म्हणून त्यांनी विचारलं, ती कोण, तिचा सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, आणता येईल का. त्यावर तुमच्या मुलीने हे सांगितलं, म्हणजे दोष तिचा आणि बाईचं नाव लिहायलाच नको. "मी टेबलाखाली तिचा पाय दाबला, ती बदलेना," मॅनेजर म्हणाली. मी विचारलं, "आणि आयडी घेऊन माझं काय केलं असतं?" म्हणाली, "काही नाही. फॉर्मवर एक ओळ."

लेक क्लासहून आली. मी कागद तिच्यासमोर धरला. विचारलं, "तू मला ओळखत नाहीस?" आवाज चढलाच माझा. ती दप्तर न काढता उभी राहिली.

"आई, दे वर आस्किंग फॉर युअर सिव्हिल आयडी."

 त्या हंगामाच्या आदल्याच वर्षी वॉर्डात मी एका रुग्णाच्या मुलावर ओरडले होते आणि त्याने वर तक्रार केली होती. त्यांनी माझ्या सिव्हिल आयडीची कॉपी घेतली. पुढे काहीच झालं नाही, पण मी महिनाभर घरात सगळ्यांना धारेवर धरलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की तिघांनी सामान बांधायचं. इथे कुणाच्या कागदावर आपलं नाव येता कामा नये, एवढं ध्यानात ठेवा. जेवताना रोज हेच. ती समोर बसून निमूट जेवायची. मला वाटायचं तिचं लक्ष नसतं, कानात ते गाण्यांचं बोंडूक असतं.

"यू वुड हॅव लॉस्ट द जॉब," ती म्हणाली. मग मराठीत, सावकाश, शब्द शोधत, "सीट काय, सीट जाते. तुला परत पाठवलं असतं तर?"

मी तिला जवळ घेतलं. सोळाव्या वर्षी पत्र्याच्या त्या खोलीत एकटीने तिने हा हिशोब केला होता, घाम पुसायच्या आधी. आणि मी बाहेर खुर्चीवर भाषण पाठ करत होते.

मॅनेजरचं बोलणं मी तिला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, त्याच्या पोटात राहील पण तोंडावर दिसेल. फॉर्मवर एक ओळ, एवढंच होतं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? तिला अजून वाटतं, तिने मला वाचवलं.